२५२० चा फॉरवर्ड आणि खरे रामानुजन

दरवर्षी २२ डिसेंबरच्या आसपास, म्हणजे रामानुजन यांच्या जयंतीला, एक फॉरवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतो. तुमच्यापैकी अनेकांना तो आला असेलच. २५२० ही संख्या वरवर साधी दिसते, पण तिला १ पासून १० पर्यंतच्या प्रत्येक संख्येनं पूर्ण भाग जातो. जगभरचे गणितज्ञ म्हणे थक्क झाले. आणि तिचं गुपित काय, तर आठवड्याचे ७ दिवस, महिन्याचे ३० दिवस आणि वर्षाचे १२ महिने यांचा गुणाकार २५२० येतो! शोध अर्थातच श्रीनिवास रामानुजन यांचा. शेवटी जोडलेले हात आणि तिरंगा.

गेल्या डिसेंबरात तो आमच्या घरच्या गटावर आला. पाठवणारे माझे बाबा, साताऱ्याहून. वय ऐंशी. खाली त्यांनी स्वतःची एक ओळ जोडली होती : ‘नातीला वाचून दाखव.’

नात बारा वर्षांची. इथं इंग्लंडमध्येच जन्मलेली. मराठी छान बोलते, वाचायचा कंटाळा करते. म्हणून मी मोठ्यानं वाचून दाखवला. तिनं ऐकून घेतलं, जरा विचार केला आणि म्हणाली, ‘‘आई, हा तर १ ते १० चा एलसीएम आहे. आम्ही मागच्याच वर्षी केला. रामानुजन एवढ्याचसाठी फेमस आहेत का?’’

मला पटकन उत्तर सुचलं नाही. तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. आपण शाळेत ज्याला लसावि म्हणायचो, तोच हा. ८, ९, ५ आणि ७ यांचा गुणाकार केला की २५२० येतात, आणि १ ते १० मधल्या बाकीच्या संख्या त्यात आपोआप सामावतात. यात थक्क होण्यासारखं काही नाही, आणि लसावि काढायची रीत रामानुजन यांच्या जन्माआधी शेकडो वर्षं माहीत होती. ७ × ३० × १२ चं म्हणाल, तर आठवड्याचे दिवस गुणिले महिन्याचे दिवस गुणिले वर्षाचे महिने याला काही अर्थच नाही. त्या तीन संख्यांचे मूळ अवयव एकत्र केले की तेच तीन २, दोन ३, एक ५ आणि एक ७ मिळतात, एवढंच.

पण तिचा प्रश्न मला लागला तो वेगळ्या कारणानं. आजोबांनी प्रेमानं पाठवलेली गोष्ट तिनं अर्ध्या मिनिटात मोडीत काढली आणि त्याबरोबर रामानुजनही मोडीत निघाले. तिच्या मनात आता रामानुजन म्हणजे सातवीचा गृहपाठ करणारे कुणी गृहस्थ. हे नुकसान कुणी केलं? तिनं नाही. आपण केलं.

माझं म्हणणं सरळ आहे. परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांना आपण अभिमानाच्या ज्या गोष्टी देतो, त्या आधी आपण स्वतः तपासल्या पाहिजेत. न तपासलेला अभिमान ती मुलं तपासतात, कारण इथल्या शाळेत त्यांना तेच शिकवतात. आणि तो टिकला नाही की त्यामागची खरी, मोठी गोष्टही त्यांच्या हातून जाते. या बाबतीत तर वाईट जास्तच वाटतं, कारण २५२० आणि रामानुजन यांचा खरंच संबंध आहे. फॉरवर्डनं सांगितलेला नव्हे. त्याहून कितीतरी सुंदर.

*

२५२० ला १ ते १० नं भाग जातो हे बाजूला ठेवा आणि दुसराच प्रश्न विचारा. तिला एकूण किती संख्यांनी भाग जातो?

मोजायची रीत सोपी आहे. आधी १२ घेऊ. १२ = २² × ३. तिचा कुठलाही विभाजक बनवताना २ हा शून्य, एक किंवा दोन वेळा घेता येतो, म्हणजे तीन पर्याय. ३ हा शून्य किंवा एकदा, म्हणजे दोन पर्याय. एकूण ३ × २ = ६ विभाजक : १, २, ३, ४, ६, १२. थोडक्यात, प्रत्येक घातांकात एक मिळवायचा आणि सगळ्यांचा गुणाकार करायचा.

आता २५२० = २³ × ३² × ५ × ७. म्हणून विभाजक ४ × ३ × २ × २ = ४८. आणि २५२० पेक्षा लहान असलेल्या एकाही संख्येला इतके विभाजक नाहीत. १ पासून २५१९ पर्यंत कुणालाच नाहीत.

आपल्याहून लहान असलेल्या प्रत्येक संख्येपेक्षा जिचे विभाजक जास्त, अशा संख्येला आपण अतिसंयुक्त संख्या म्हणू. मूळ संख्येला १ आणि ती स्वतः असे दोनच विभाजक. अतिसंयुक्त संख्या हे त्याचं अगदी दुसरं टोक. सुरुवातीच्या अतिसंयुक्त संख्या अशा : १, २, ४, ६, १२, २४, ३६, ४८, ६०, १२०, १८०, २४०, ३६०, ७२०, ८४०, १२६०, १६८०, २५२०.

ही यादी वाचताना ओळखीची माणसं भेटल्यासारखं होतं ना? डझनाचे १२. दिवसाचे २४ तास. तासाची ६० मिनिटं. आपल्याकडे दिवसाच्या ६० घटका आणि घटकेची ६० पळं, आणि एक घटका म्हणजे २४ मिनिटं. वर्तुळाचे ३६० अंश. इथं ब्रिटनमध्ये १९७१ पर्यंत एका पौंडाचे २४० पेन्स होते. जुन्या लोकांनी अतिसंयुक्त संख्यांची व्याख्या केली नव्हती, पण वाटणी करताना कुठली संख्या सोयीची हे त्यांना व्यवहारातून नेमकं कळलं होतं. १०० ला फक्त ९ विभाजक आहेत. ६० लहान असूनही तिला १२ आहेत. प्लेटोनं तर ‘लॉज’ या ग्रंथात आदर्श नगरासाठी ५०४० घरधन्यांची संख्या सुचवली, कारण तिची नाना तऱ्हेनं वाटणी करता येते. ५०४० सुद्धा अतिसंयुक्त आहे. तिला ६० विभाजक आहेत.

रामानुजन १९१४ मध्ये केंब्रिजला आले. १९१५ साली लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा याच संख्यांवरचा साठाहून जास्त पानांचा दीर्घ लेख छापून आला. याच कामाच्या जोरावर मार्च १९१६ मध्ये केंब्रिजनं त्यांना संशोधनावरची बी. ए. पदवी दिली. भारतात कॉलेजच्या परीक्षेत नापास झालेल्या माणसाला. महायुद्धाचे दिवस होते, सोसायटीची आर्थिक ओढाताण होती, म्हणून खर्च वाचवायला रामानुजन यांनी लिहिलेला बराच भाग तेव्हा गाळावा लागला. तो उरलेला मजकूर निकोला आणि रोबँ या फ्रेंच गणितज्ञांच्या टिपांसह १९९७ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे लेखाचा उत्तरार्ध वाचकांपर्यंत पोचायला ब्याऐंशी वर्षं लागली.

२५२० त्या लेखातल्या यादीत आहे. शंभराहून अधिक संख्यांपैकी एक, सुरुवातीलाच. खरी मजा शेवटी आहे. यादीतली शेवटची संख्या अशी :

६७,४६,३२,८३,८८,८००

सहा लाख चौऱ्याहत्तर हजार सहाशे बत्तीस कोटी, त्र्याऐंशी लाख, अठ्ठ्याऐंशी हजार आठशे. हिचे विभाजक १०,०८०. आणि हिच्याहून लहान असलेल्या लक्षावधी कोटी संख्यांपैकी एकीलाही इतके विभाजक नाहीत.

*

कॅल्क्युलेटर नसताना हे कसं ठरवलं असेल? एकेक संख्या घेऊन तपासायला गेलं तर जन्म पुरणार नाही. रामानुजन यांनी आधी विचारलं की अशी संख्या दिसायला कशी असावी लागेल. यातल्या दोन गोष्टी सातवीच्या मुलालाही समजतील, म्हणून त्या इथं सांगते.

शंभराच्या आत १२ विभाजक असलेल्या पाच संख्या आहेत : ६०, ७२, ८४, ९० आणि ९६. यात ६० पहिली आली, म्हणून अतिसंयुक्त तीच. आता बाकीच्यांपैकी ९० का हरली ते बघा. ९० = २ × ३² × ५. इथं ३ दोनदा आहे आणि २ एकदाच. दोघांच्या जागा बदला : २² × ३ × ५ = ६०. घातांक तेच, त्यामुळे विभाजक तेवढेच, पण संख्या लहान झाली. म्हणून अतिसंयुक्त संख्येत २ चा घातांक ३ च्या घातांकापेक्षा कमी असूच शकत नाही, ३ चा ५ पेक्षा कमी असू शकत नाही, आणि असंच पुढे. घातांक पायऱ्यांसारखे उतरत जातात, मध्ये चढत नाहीत.

आता ८४ बघा. ८४ = २² × ३ × ७. मधला ५ वगळलाय. ७ च्या जागी ५ ठेवा, पुन्हा ६०. विभाजक तेवढेच, संख्या लहान. म्हणून अतिसंयुक्त संख्येत मधली एकही मूळ संख्या गाळता येत नाही.

या दोन अटींनी बहुतेक सगळी गर्दी बाद होते. पण एवढ्यानं भागत नाही. ७२ आणि ९६ या दोन्ही अटी पाळतात आणि तरी हरतात. त्यासाठी घातांक नेमके किती वेगानं उतरले पाहिजेत हे ठरवावं लागतं, आणि लेखाचा मोठा भाग त्याच बारीक हिशेबाचा आहे. शेवटच्या मूळ संख्येचा घातांक नेहमी १ असतो आणि याला ४ व ३६ हे दोनच अपवाद आहेत, हेही रामानुजन यांनी तिथं सिद्ध केलं.

आता ती मोठी संख्या तिच्या अवयवांत मांडून बघू :

२⁶ × ३⁴ × ५² × ७² × ११ × १३ × १७ × १९ × २३

पायऱ्या दिसल्या? ६, ४, २, २ आणि मग सगळे १. विभाजक ७ × ५ × ३ × ३ × २ × २ × २ × २ × २ = १०,०८०. वाटलं तर एक डाव खेळून बघा. यातला २३ काढा आणि त्याऐवजी २ × ११, म्हणजे २२ घाला. संख्या थोडी लहान होईल. विभाजक? आता घातांक ७, ४, २, २, २, १, १, १. म्हणजे ८ × ५ × ३ × ३ × ३ × २ × २ × २ = ८,६४०. कमीच भरले. अशा कितीही अदलाबदली करा, लहान संख्येत १०,०८० चा पल्ला गाठता येत नाही.

*

आता मी तुम्हाला एक फॉरवर्ड तयार करून दाखवते. ‘रामानुजन यांच्या यादीतल्या शेवटच्या संख्येला १०,०८० विभाजक आहेत, आणि एका आठवड्यात नेमकी १०,०८० मिनिटं असतात! शिवाय तिच्या सगळ्या अंकांची बेरीज ६३, आणि ६३ नं तिला पूर्ण भाग जातो!’

दोन्ही विधानं खरी आहेत. करून बघा. ७ × २४ × ६० = १०,०८०. आणि ६ + ७ + ४ + ६ + ३ + २ + ८ + ३ + ८ + ८ + ८ = ६३. जोडलेले हात आणि तिरंगा लावला तर पुढच्या २२ डिसेंबरपर्यंत हे सगळ्या महाराष्ट्र मंडळांच्या गटांवर फिरेल. पण यात कळण्यासारखं काय आहे?

आठवड्याची मिनिटं हा योगायोग आहे. ७, २४ आणि ६० लहान अवयवांच्या संख्या, आणि विभाजकांची मोजणीही लहान संख्यांच्या गुणाकारानं होते. अशा दोन गोष्टी कधीतरी जुळणारच.

अंकांच्या बेरजेचं मात्र वेगळं आहे. ज्या संख्येला स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं भाग जातो तिला ‘हर्षद’ संख्या म्हणतात, आणि हे गोड नाव दिलं आपल्या देवळालीच्या शाळेतल्या मास्तरांनी, द. रा. कापरेकर यांनी. हर्षद म्हणजे हर्ष देणारी. आमची मोठी संख्या हर्षद आहे हा योगायोग नव्हे. तिला ९ नं भाग जातो, म्हणून तिच्या अंकांची बेरीज ९ च्या पटीतच येणार. ती तेरा अंकी आहे, म्हणून बेरीज जास्तीत जास्त १३ × ९ = ११७. आणि ९, १८, २७ पासून ११७ पर्यंतच्या नऊच्या पाढ्यातल्या तेराही संख्यांनी तिला भाग जातो. ९९ साठी ११ हाताशी आहे, ११७ साठी १३ आहे, ८१ साठी ३ चा चौथा घात आहे. म्हणजे बेरीज यातली कुठलीही आली असती तरी ती हर्षदच ठरली असती. तिची सुटकाच नव्हती!

फरक इथं आहे. ‘अरेच्चा’ म्हणणं ही गणिताची सुरुवात आहे आणि ‘पण का?’ हे त्याचं पुढचं पाऊल. फॉरवर्ड आपल्याला पहिल्या पावलावरच हात जोडायला लावतो.

कुणी म्हणेल, कापरेकरांनी तरी काय केलं? संख्यांच्या गमतीच ना? हो, गमतीच. पण चार अंकी कुठलीही संख्या घ्या (चारही अंक सारखे नकोत), तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं लावून वजाबाकी करा, येईल त्या उत्तरावर पुन्हा तेच करा, आणि जास्तीत जास्त सात पावलांत ६१७४ येईल, हे जेव्हा ते सांगतात, तेव्हा ते तुम्हाला करून बघायला सांगत असतात. त्यात थोर माणसाच्या नावाचा धाक नाही. पाटी-पेन्सिल घेऊन बसलेलं कुठलंही पोर त्यांना तपासू शकतं. संख्यांच्या गमतीला माझा विरोध नाही. ज्या गमतीला प्रश्न विचारायचीच सोय ठेवलेली नसते, तिला आहे.

*

‘अगं पण त्यानं कुणाचं काय बिघडतं?’ असं माझ्या मैत्रिणी म्हणतात. ‘मुलांना दोन भारतीय नावं तरी कळतात. गोडी लागते.’

गोडी लागत असेल तर आनंदच आहे. पण माझ्या घरात उलटं झालं. बारा वर्षांच्या मुलीनं रामानुजन यांना आम्ही दिलेल्या मापानं मोजलं आणि ते तिला लहान वाटले. इथल्या वर्गात कुणी विचारलं की हे रामानुजन कोण, आणि तिनं लसाविची गोष्ट सांगितली, तर समोरचा हसेल आणि तिला उत्तर देता येणार नाही. मग ती पुढच्या वेळी आजोबांचा कुठलाच संदेश धड ऐकणार नाही. त्यात एखादा खरा असला तरीही. भारतात राहणाऱ्या मुलाला रामानुजन पुस्तकात, भाषणात, टपालाच्या तिकिटावर पुन्हा भेटतील. आमच्या मुलांना ते बहुधा एकदाच भेटतात, घरात, आमच्या तोंडून. ती एक भेट वाया घालवायची नसते.

म्हणून त्या आठवड्यात आम्ही एक केलं. रविवारी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. लेकीनं कागदावर ती तेरा अंकी संख्या लिहिली आणि मी तिला सांगितलं, हिला २३ नं भाग.

बाबा तिकडून बघत होते. ते जुन्या शाळेतले, पावकी-निमकी पाठ केलेले. तिचा प्रत्येक अंक ते आधीच बोलायचे आणि ती चिडायची. ‘‘सदुसष्टात तेवीस दोनदा, उरले एकवीस. आता दोनशे चौदा...’’ बऱ्याच गडबडीनंतर भागाकार पूर्ण झाला, बाकी शून्य. उत्तर :

२,९३,३१,८६,२५,६००

मग मी दोघांना त्या संख्येची गोष्ट सांगितली. हीदेखील अतिसंयुक्त आहे. शेवटच्या संख्येतला २३ काढला की जे उरतं ते, म्हणजे २⁶ × ३⁴ × ५² × ७² × ११ × १३ × १७ × १९. हिचे विभाजक ५०४०, बरोबर निम्मे. प्लेटोच्या नगराची संख्या. (प्रत्येक अतिसंयुक्त संख्येच्या विभाजकांची मोजणी अशी अतिसंयुक्त येतेच असं नाही. ३६ ला ९ विभाजक आहेत आणि ९ अतिसंयुक्त नाही.) आणि रामानुजन यांच्या १९१५ च्या यादीत ही संख्या नाही. एवढ्या लांबलचक यादीत नेमकी ही एक संख्या त्यांच्या नजरेतून निसटली. तिला २३ नं गुणून येणारी संख्या यादीच्या शेवटी लिहिली गेली आणि ही मात्र राहून गेली.

लेक थांबली. ‘‘म्हणजे ते चुकले?’’

‘‘एक राहिली.’’

‘‘आणि हे सगळं हातानं केलं होतं?’’

‘‘हातानं.’’

ती थोडा वेळ त्या भागाकाराकडे बघत होती. एका भागाकाराला तिला दहा मिनिटं लागली होती आणि दोनदा खोडावं लागलं होतं. मग तिनं विचारलं, बाकीच्या सगळ्या बरोबर होत्या का? होत्या. रामानुजन म्हणजे नेमकं काय, हे तिला तेव्हा कळलं असं मला वाटतं. देवीनं स्वप्नात येऊन सांगितलेलं उत्तर म्हणून नव्हे, तर तिच्यासारखाच कागदावर हिशेब करणारा आणि तिच्याहून कैक पटींनी पुढे गेलेला माणूस म्हणून. राहून गेलेल्या एका संख्येनं त्यांची उंची कमी झाली नाही. उलट उंची मोजायला तिला एक खूण मिळाली.

बाबांनाही एक आठवलं. त्यांच्या लहानपणी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. तीन भावांत रुपया वाटला की प्रत्येकाला पाच आणे चार पै, चोख. १९५७ साली शंभर नवे पैसे आले आणि तिघांत वाटताना एक पैसा उरायला लागला. ‘‘तो एक पैसा कुणाचा, यावरून आमची मारामारी व्हायची,’’ ते म्हणाले. नात हसली आणि तिनं तिथल्या तिथं १९२ चे विभाजक मोजले. चौदा. शंभराचे नऊ. ‘‘आजोबा, तुमचं जुनं चांगलं होतं,’’ तिनं निकाल दिला. बाबा एवढे खूश झालेले मी बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते.

बाबांना मी फॉरवर्ड पाठवू नका असं सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. सात हजार किलोमीटरवरून नातीशी बोलायचा तो त्यांचा मार्ग आहे. पण आता त्यांच्या संदेशाखाली एक नवी ओळ असते : ‘खरं आहे का बघ आणि मला कळव.’ आणि ती कळवते. मराठीत. चुकत-माकत टाइप करून.

तुमच्या घरीही पुढच्या २२ डिसेंबरला तो फॉरवर्ड येईलच. तेव्हा मुलांना एक काम द्या. २५२० नंतर आणि १०,००० च्या आत दोनच अतिसंयुक्त संख्या आहेत. त्यातली एक मी वर सांगून टाकली आहे. दुसरी त्यांना शोधू द्या, आणि ती तीच का, हे आजी-आजोबांना फोनवर समजावून सांगू द्या.